सुभेदारीच्या पुढची भिंत : लष्करी अधिकारीपद, पूर्वतयारी आणि आपली मुले



दरवर्षी १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो. विजयस्तंभावरची ती 'नाक' शेवटी असलेली नावे वाचतो, मानवंदना देतो. तो अभिमान रास्तच आहे. पण १८१८ च्या त्या लढाईत लढणारे आपले होते आणि हुकूम देणारा कॅप्टन स्टाँटन होता, याचा विचार आपण फारसा करत नाही. कंपनीच्या फौजेत महार माणूस शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार होऊ शकत होता. त्यापुढे भिंत होती. आयुष्य पलटणीत घालवलेल्या सुभेदारानेही विलायतेहून नुकत्याच उतरलेल्या पोरसवदा लेफ्टनंटला सलाम ठोकायचा. ही भिंत सगळ्याच हिंदी लोकांसाठी होती, हे खरे. पण ती पडायला लागली तेव्हा त्या खिंडारातून आधी कोण आत गेले आणि कोणाला बाहेर ठेवले गेले, हा इतिहास आपल्या तरुणांनी नीट पाहायला हवा. कारण तो अजून संपलेला नाही.

फौजेने आपल्याला पगार दिला, पण त्याहून मोठी गोष्ट दिली ती शाळा. गावात ज्याला अक्षर शिकण्याची बंदी, त्याच्या मुलांना पलटणीत शिकणे सक्तीचे होते. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. बाबासाहेबांच्या घरात पुस्तके आली ती या वाटेने. म्हणून १८९२ च्या सुमारास 'लढवय्या जातीं'चा सिद्धान्त पुढे करून महारांची भरती बंद झाली, तेव्हा नोकरीबरोबर शाळेचीही वाट बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळेंनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. या लोकांना अधिकारीपद मागण्याची सोयच नव्हती. त्यांचे सगळे बळ पुन्हा शिपाई होऊ द्या, एवढे सांगण्यात गेले.

आता याच काळात दुसऱ्या बाजूला काय चालले होते ते पाहा. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडली. बरोबर त्याच वर्षांत अधिकारीपदाचे दरवाजे किलकिले होत होते. १९१८ पासून सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजात हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या. तिथला खर्च संस्थानिक, जमीनदार नाहीतर बडे सरकारी नोकर यांनाच झेपणारा. त्या जागांसाठी मुले तयार व्हावीत म्हणून १९२२ मध्ये डेहराडूनला खास शाळा काढली गेली. म्हणजे परीक्षेच्या आधीची तयारी कुठे होते यावर निकाल ठरतो, हे सरकारला पक्के माहीत होते.

कॉलेजांमध्येही १९१७ पासून विद्यार्थ्यांची लष्करी पथके निघाली. १९२० च्या कायद्यानंतर त्यांना युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर म्हणू लागले. कवायत, बंदूक, कॅम्प, हुकूम देण्याची सवय हे सगळे कॉलेजच्या मैदानावर मिळू लागले. पण त्या कॉलेजात आपले विद्यार्थी किती होते? बोटांवर मोजण्याइतके. ज्याला कॉलेजचे फाटकच दिसले नाही, त्याला आतल्या परेड ग्राउंडचा काय उपयोग?

बाबासाहेबांनी हे अचूक ओळखले होते. पहिल्या गोलमेज परिषदेत ते संरक्षण उपसमितीवर होते. इतर नेते सैन्याचे हिंदीकरण कधी होणार हे विचारत होते. बाबासाहेबांचा मुद्दा वेगळा होता: सैन्य अस्पृश्यांसह सर्व भारतीयांना खुले करा, पात्रता आणि कार्यक्षमता एवढीच अट ठेवा. हिंदीकरण झाले आणि ते ठरावीक जातींपुरतेच राहिले तर आपल्याला त्याचे काय कौतुक!

१९३२ मध्ये डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली. डॉ. मुंजे गोलमेजहून परतताना १९३१ मध्ये मुसोलिनीच्या इटलीतल्या लष्करी संस्था पाहून आले होते. १९३५ मध्ये त्यांनी संस्था काढली आणि १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभे केले. त्यांच्या विचारसरणीशी आपले वैर आहे आणि राहील, पण अधिकारी व्हायचे तर आधी तयारीची जागा लागते, हे त्यांनी ओळखले ही गोष्ट नाकारता येत नाही. त्याच नाशकात १९३० पासून आपली माणसे काळाराम मंदिराच्या दारात मार खात होती. आणि सैन्याचे शिपायाचे दारसुद्धा आपल्यासाठी नीट उघडले ते १९४१ मध्ये, बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेल्यानंतर. त्या वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. इतरांची मुले अकॅडमीत जाऊ लागल्यावर नऊ वर्षांनी आपण पुन्हा शिपाई झालो. स्पर्धेचा आरंभ कोणाचा कुठून झाला, ते यावरून समजा.

महार रेजिमेंटबद्दल आपण भरभरून बोलतो. या रेजिमेंटचे दोन अधिकारी, जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल के. सुंदरजी, पुढे देशाचे लष्करप्रमुख झाले. दोघेही आपल्या समाजातले नव्हते. यात गैर काही नाही, कारण अधिकारी कोणत्याही रेजिमेंटला जातीवरून दिला जात नाही. पण रेजिमेंटच्या नावावर समाधान मानून थांबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले, निदान कागदावर. कुंझरू समितीच्या शिफारशींनंतर १९४८ च्या कायद्याने एनसीसी आली. तोवर बाबासाहेबांचे सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले होते, १९५० मध्ये मिलिंद आले. कॉलेजचे फाटक उघडले. मात्र सैन्यदलांत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण नाही. सीडीएस परीक्षेला आपल्या मुलांना फी माफ आहे, पण जागा राखीव नाही, वयातही सवलत नाही. समाजशास्त्रात ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात, ते इथे उघड्या डोळ्यांना दिसते. ज्याच्या घरात कर्नल काका आहे त्याला एसएसबीचे पाच दिवस काय असतात हे जेवणाच्या टेबलावर कळते. आपल्या मुलाला ते फॉर्म भरल्यावरही कळत नाही.

मी वस्त्यांत आणि वसतिगृहांत काम करतो. पहाटे पाचला रस्त्यावर धावणारी पोरे रोज दिसतात. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असतात आणि धावतात अग्निवीरसाठी, म्हणजे चार वर्षांच्या नोकरीसाठी, जिथे पुढे कायम होण्याची संधी चौघांतल्या एकाला. त्याच पदवीवर लेफ्टनंट होता येते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. बार्टीचे पोलीस-मिलिटरी भरतीपूर्व प्रशिक्षण गावोगाव माहीत आहे आणि ते चांगलेच आहे. पण आपल्या डोक्यातली भिंत अजून सुभेदारीपाशीच आहे.

वाटा आहेत. सीडीएसमधून चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीसाठी फक्त इंग्रजी आणि सामान्य ज्ञान असे दोनच पेपर असतात. गणित नाही. आर्ट्सच्या मुलांनी हे दोनदा वाचावे. ही वाट मुलींनाही खुली आहे. एनसीसीचे 'सी' प्रमाणपत्र किमान बी ग्रेडने आणि पदवीला ५० टक्के असतील तर स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला अर्ज करता येतो. आणि नाशिक रोडला राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे सीडीएस आणि एसएसबीची तयारी करून घेतात. राहणे, जेवण, शिकवणे सगळे मोफत. निवड जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत होते. खासगी क्लासवाले याच तयारीचे हजारो रुपये घेतात.

काही कार्यकर्ते म्हणतील, या व्यवस्थेच्या सैन्यात अधिकारी होऊन काय साधणार? बाबासाहेबांनी गुलाम देशाच्या सैन्यातही आपली पलटण मागून घेतली, कारण माऱ्याच्या जागा दुसऱ्यांच्या हाती सोडून द्यायच्या नसतात. शिपाई हुकूम पाळतो, अधिकारी हुकूम देतो. हा फरक आपल्या आजोबा-पणजोबांना चांगलाच माहीत होता.

एनसीसीच्या बाबतीत अडचण वेळेची असते. भरती पहिल्या वर्षाला, कॉलेज सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत होते. पुढे 'सी' परीक्षेला बसायचे तर परेडला ७५ टक्के हजेरी लागते. संध्याकाळी काम करून शिकणाऱ्या मुलाची पहिली कुचंबणा इथे होते, म्हणून त्या मुलाच्या कामाची वेळ बदलून घेणे किंवा त्याच्या मेसचे पैसे भरणे हेही मंडळाचे काम समजावे. जयंतीच्या वर्गणीतून दोन मुलांचा वर्षाचा खर्च निघू शकतो. कॉलेजात एनसीसी युनिटच नसेल तर प्राचार्यांकडे शिष्टमंडळ न्या आणि लेखी मागणी द्या. जूनमध्ये बारावीचे निकाल हातात घेऊन मुले सल्ला मागायला विहारात येतील, तेव्हा कोणत्या कॉलेजात एनसीसी आहे याची आपल्या तालुक्याची यादी तयार असू द्या.