ब्राउझरची सुसंगतता आणि व्यावसायिक सॉफ्टवेअर : दक्षिण कोरियाचा अनुभव

प्रस्तावना :
संकेतस्थळ कोणत्याही ब्राउझरमध्ये सारखेच चालावे, हे वेबचे मूळ तत्त्व होय. दक्षिण कोरियात मात्र बँकिंग व व्यापाराचे सॉफ्टवेअर दीर्घकाळ इंटरनेट एक्स्प्लोरर या एकाच ब्राउझरशी जखडले गेले. हे बंधन कसे निर्माण झाले व का टिकले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

पार्श्वभूमी :
१९९० च्या दशकात अमेरिकेने सशक्त कूटलेखन तंत्राच्या निर्यातीवर निर्बंध घातले होते. परदेशी ग्राहकांना मिळणाऱ्या ब्राउझरमध्ये ४० बिटची दुर्बल किल्ली असे. यावर उपाय म्हणून कोरियाच्या माहिती सुरक्षा संस्थेने १९९८ मध्ये 'सीड' ही १२८ बिटची स्वदेशी पद्धती विकसित केली. १९९९ मध्ये डिजिटल स्वाक्षरीचा कायदा झाला. परंतु तत्कालीन ब्राउझरमध्ये 'सीड' अंतर्भूत नव्हती. त्यासाठीचे पूरक सॉफ्टवेअर ग्राहकाच्या संगणकावर बसवावे लागे. नेटस्केपचा प्रभाव ओसरल्यावर हे काम मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हएक्स तंत्रावरच सोपविले गेले आणि ते तंत्र विंडोजवरील इंटरनेट एक्स्प्लोररपुरतेच मर्यादित होते.

परिणाम :
२००० च्या जानेवारीत अमेरिकेने निर्बंध शिथिल केले. मूळ कारण नाहीसे झाले, तरी व्यवस्था कायम राहिली. कारण बँका, शासकीय कार्यालये, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था व सॉफ्टवेअर विक्रेते या सर्वांचे व्यवहार तिच्यावर उभे होते. २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टाच्या कडक सुरक्षा नियमांमुळे अनेक बँकांच्या सेवांत अडथळे आले. मॅकिंटॉश व लिनक्स वापरणाऱ्यांची अडचण तर आधीपासूनचीच होती. कोरिया विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक किम की-चांग यांनी याविरुद्ध न्यायालयीन लढा दिला. त्यास यश आले नाही. शिवाय, येईल त्या सॉफ्टवेअरला 'होय' म्हणण्याची सवय ग्राहकांना जडली. सुरक्षेसाठी योजलेला उपाय अशा रीतीने सुरक्षेच्याच मुळावर आला.

व्यापारातील हानी २०१४ मध्ये ठळकपणे पुढे आली. एका लोकप्रिय कोरियन मालिकेतील नायिकेचा कोट चिनी प्रेक्षकांना हवा होता. परंतु कोरियन संकेतस्थळांवरील प्रमाणपत्राच्या अटीमुळे तो विकत घेता येईना. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांनी त्या वर्षी मार्चमध्ये नियमसुधारणेच्या बैठकीत हेच उदाहरण दिले. त्यानंतर ऑनलाइन खरेदीतील प्रमाणपत्राची सक्ती शिथिल झाली. सुधारित कायदा लागू होऊन शासनमान्य प्रमाणपत्राचे विशेष स्थान संपुष्टात येण्यास १० डिसेंबर २०२० उजाडावा लागला. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररचा आधारही काढून घेतला.

निष्कर्ष :
कोरियाने १९९८ मध्ये घेतलेला निर्णय त्या काळी सयुक्तिक होता. दोष राहिला तो त्याच्या फेरविचाराची तरतूद नसण्यात. कायद्याने सुरक्षेचे उद्दिष्ट सांगावे, साधन ठरवून देऊ नये; अन्यथा साधन कालबाह्य झाल्यावरही कायदा त्याला जिवंत ठेवतो आणि त्याची किंमत व्यापारी व नागरिक यांना मोजावी लागते, हाच या इतिहासाचा बोध होय.