किल्ल्यावरची झाडी

दिवाळीच्या सुटीत उधन्यातल्या मराठी वस्त्यांतून फेरफटका मारला, तर चाळीच्या ओट्याशी, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, क्वचित गच्चीवरसुद्धा मातीचे किल्ले उभे राहिलेले दिसतात. तटबंदी असते, बुरूज असतात, तोफा असतात, बाजारातून आणलेले मावळे असतात आणि या सर्वांपेक्षा, कित्येकदा बुरुजापेक्षाही, मोठे असे सिंहासनारूढ महाराज असतात. झाडे मात्र नसतात. असलीच तर मेंदीची नाहीतर कडुनिंबाची एखादी डहाळी खोचलेली असते आणि ती भाऊबीजेपर्यंत सुकून जाते. अळीव-मोहरी पेरून हिरवळ आणतात, ती दिसते छान. पण ते गवत झाले, झाडी नव्हे. तीस वर्षे इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हा उणेपणा नुसता सजावटीतला वाटत नाही. झाडीवाचून किल्ला हा अर्धाच किल्ला.

हे माझे मत नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचे आहे. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत बसलेल्या या मुत्सद्द्याने ते कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या नावे लिहिले. त्यातले दुर्गांचे प्रकरण वाचताना आपण तटबुरूज आणि दारूगोळा शोधत जातो आणि अचानक झाडांपाशी थबकतो. गडावर असतील ती झाडे राखावीत, नसतील ती लावावीत, असे तिथे बजावले आहे. फणस, चिंच यांसारखे थोर वृक्ष, लिंबू-नारिंगासारखी लहान झाडे, फुलझाडे, वेलीसुद्धा. उपयोगाचे आणि बिनउपयोगाचे असा भेददेखील करायचा नाही, कारण प्रसंग पडला की तेवढेच लाकूड हाताशी असते. याहून महत्त्वाचे म्हणजे गडाखालची दाट झाडी हीच गडाची राखण मानली आहे. तिच्यातली काठीही कोणाला तोडू द्यायची नाही. म्हणजे शत्रूला पहिला अडथळा तटाचा नसून रानाचा. आमची मुले तटावर चार-चार तोफा मांडतात आणि हा पहिला पहारेकरीच विसरतात.

याच काळात सातासमुद्रापलीकडे हीच गोष्ट एका वेगळ्या कामासाठी लक्षात घेतली जात होती. महाराज सुरतेवर आले ते १६६४ आणि १६७० मध्ये. या दोहोंच्या मधल्या १६६८ साली फ्रेंचांनी सुरतेत वखार घातली. त्याच वर्षी त्यांचा राजा चौदावा लुई याचा युद्धमंत्री लुव्ह्वा याने सरहद्दीवरच्या किल्ल्यांचे नमुने बनवून घ्यायला आरंभ केला. लाकूड, कागद आणि रेशीम वापरून केलेले हे नमुने पुढे दोनशे वर्षे होत राहिले. त्यांतले शंभराच्या आसपास आजही जतन केलेले असून पॅरिसच्या अँव्हालिद वास्तूत त्यांचे संग्रहालय आहे. बहुतेकांचे प्रमाण सहाशेस एक. पन्नास फुटी झाड तिथे बरोबर एक इंचाचे होते. तेवढेसे झाड तारेवर रेशमाचे तंतू गुंडाळून केलेले! हौसेसाठी कोणी इतके डोळे फोडत नाही. वेढा कुठून घालायचा, फौज कुठे दडवायची हे राजधानीत बसून ठरवायचे असेल, तर तटाइतकेच बाहेरचे रानही खरे असावे लागते.

प्रमाण हा शब्द वर आला, त्यावर थोडे थांबतो, कारण आमचे किल्ले इथेच फसतात. मावळा दोन इंचांचा घेतला आणि माणूस साडेपाच फुटांचा धरला, तर प्रमाण तेहतिसास एक झाले. मग पन्नास फुटी आंबा दीड फुटाचा हवा. हे जमेल. पण रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० फूट. त्या हिशेबाने तो ब्याऐंशी फुटांचा, म्हणजे आठ मजली इमारतीएवढा करावा लागेल! पोरे हा हिशेब फळ्यावर करतात तेव्हा वर्गात जो हशा पिकतो, त्याने गणिताच्या शिक्षकांचेही समाधान होते. यावर तोड एकच. पायथ्याची, आपल्या जवळची झाडे वीतभर करायची आणि वर जाता जाता ती लहान लहान करीत माथ्यावर नखाएवढी आणायची. मावळे पायथ्याशीच ठेवायचे. मग हात-दीड हात मातीचा ढिगारासुद्धा डोळ्याला डोंगर वाटू लागतो. ही किमया मातीची नाही, झाडांची.

आता झाडे करायची कशी? या बाबतीत उधन्यासारखे भाग्यवान गाव शोधून सापडायचे नाही. इथे कारखान्याला 'खाते' म्हणतात. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली आमच्या पालकांची एक पिढी लूमच्या खात्यांत राबली. लूम म्हटले की मोटर आली, मोटर आली की ती जळणे आले आणि रिवाइंडिंगचे दुकान आले. तिथली जळकी तांब्याची तार आमचे खोड होते. वीस-पंचवीस तारांचा जुडगा घ्यावा, खालची टोके मुळांसारखी फाकवावीत आणि मधला भाग पिळावा. मग जुडग्याचे दोन भाग, त्या प्रत्येकाचे पुन्हा दोन असे फांद्यांपर्यंत जावे. त्यावर फेविकॉलमध्ये कालवलेला लाकडाचा भुसा थापला की साल तयार. मुलांचा हात लगेच तपकिरी रंगाकडे जातो. त्यांना मी शाळेबाहेर नेऊन झाड दाखवतो. बाभळीचे खोड काळपट, सागाचे राखी. चित्रकलेच्या वहीतले तपकिरी खोड शोधावे तरच सापडते.

पाने हा खरा कसोटीचा भाग. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी तोडून हिरव्या रंगात बुडवली की चांगली पालवी होते. खात्यातले धाग्याचे वेस्ट तर पोत्यांनी मिळते. पण ते पॉलिएस्टर कच्चा रंग घेत नाही, सगळा रंग करणाऱ्याच्या हातालाच लागतो. यावर तोड काढली ती आमच्या इमारतीतल्या गुजराती माध्यमाच्या एका मुलाने. त्याच्या वडिलांचे एम्ब्रॉयडरीचे खाते. तिथून रंगीत दोऱ्यांची कात्रणे आली आणि एकदम चार-पाच हिरवे रंग हाती लागले. दोरा बारीक कातरून तारेवर भुरभुरायचा, वरच्या अंगाला पोपटी, खाली गडद. पॅरिसच्या कारागिराजवळ रेशीम होते, आमच्याजवळ आर्ट सिल्क आहे, इतकाच काय तो फरक!

झाड कुठले, हाही इतिहासाचाच प्रश्न. जो तो नारळ करू पाहतो. तो सिंधुदुर्गावर शोभेल. आमच्या मुलांनी प्रत्यक्ष पाहिलेला डोंगरी किल्ला बहुधा एकच, उधना-जळगाव गाडीतून दिसणारा सोनगड. बडोद्याच्या आधी गायकवाडांचे मुख्य ठाणे ते. तिथे साग हवा, सरळसोट आणि शेंड्याला मोठ्या पानांचा. त्याला दोरा चालत नाही. कागदाची पाने एकेक कापून चिकटवावी लागतात. खराट्याच्या बारीक काड्यांचे बांबूचे बेट त्याच्या शेजारी बसते. डांगच्या सीमेवरचा साल्हेर केला, तर पायथा गच्च रानाचा आणि माथा बहुतेक गवताचा. १६७२ च्या लढाईने गाजलेला हा १,५६७ मीटर उंचीचा गड २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक. उधन्यातल्या मुलांना रायगडापेक्षा तो जवळचा. पण किल्ला करायला कोणी घेत नाही.

एका वर्षी मुलांनी किल्ल्याऐवजी ६ जानेवारी १६६४ चा देखावा करायचा हट्ट धरला. त्या दिवशी महाराजांचा तंबू सुरतेच्या बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या एका बागेत पडला होता. गुजराती माध्यमाची मुलेही त्यात असल्याने शिक्षकांच्या खोलीत थोडी कुजबुज झाली. ज्याला आपण मोहीम म्हणतो, त्याला शेजारी लूट म्हणतात आणि शहर जळाले होते ही गोष्ट खरीच आहे. मी सांगितले, दोन्ही दाखवा. गुजराती मुलांनी पक्क्या तटावाचून उघडे पडलेले शहर केले, आमच्यांनी बाग केली. आंबे केले, चिंचा केल्या आणि दरवाजातून निघालेली वाटही केली. ही वाट कुठे जाते, असे एका मुलीने विचारले. बऱ्हाणपूरला, म्हणजे खानदेशात, असे सांगताच ती म्हणाली, "मग आम्ही इकडूनच आलो ना, सर?" तिने वाटेच्या दोन्ही अंगांना बाभळी लावल्या.

तुळशीचे लग्न झाले की किल्ला मोडतो. इथली काळी माती तोवर भेगाळलेलीच असते. झाडे मात्र आम्ही उपटून, झटकून बुटांच्या खोक्यांत ठेवतो. शाळेच्या कपाटात आज अशी अकरा खोकी आहेत आणि प्रत्येकावर मुलांच्या अक्षरात चिठ्ठी आहे. 'सोनगड, साग' असे एकावर, 'माथ्यावरची, लहान' असे दुसऱ्यावर. बाभळींच्या खोक्यावर दोन लिप्यांत लिहिले आहे, 'बऱ्हाणपूरची वाट'.