वळचणीचे पाणी आणि मोटारीचा टप

'आढ्याचे पाणी वळचणीला' ही म्हण आपल्या सर्वांच्या तोंडची आहे. पाणी उंचावरून सखल जागी जाणार, त्यात नवल ते काय, असा तिचा अर्थ. पण ही म्हण जन्माला आली तेव्हा छप्पर फक्त घराला असे आणि घर जागचे हलत नसे. आता छप्पर चार चाकांवर बसून ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगाने घाट चढते. तिथे ही म्हण कधीकधी चक्क उलटी होते, वळचणीचे पाणी आढ्याला चढते, आणि तिथून ते थेट आपल्या मांडीवर पडते. विशेषतः ज्या मोटारींच्या टपाचे तुकडे काढता-घालता येतात, त्यांच्या मालकांना पावसाळ्यात हा अनुभव येतो. मग गळती बुजवायची कशी, असा प्रश्न पडतो. वाचकहो, या प्रश्नाचे निम्मे उत्तर गॅरेजात आहे आणि निम्मे इतिहासात. आधी इतिहासाकडे वळू.

आपल्या पूर्वजांनी पावसाशी कसा व्यवहार केला, ते पाहा. मावळातल्या शेतकऱ्याचे इरले घ्या. बांबूच्या कामट्या आणि त्यांवर पाने. त्यात डिंक नाही, खळ नाही, रबर तर नाहीच. वरचे पान खालच्या पानावर चढलेले, एवढीच त्याची युक्ती. पुण्यातल्या वाड्यांची कौलेही अशीच. एका कौलाचा ओठ दुसऱ्यावर चढलेला. फटी तर शेकडो, पण पाणी आत येत नाही, कारण त्याला बाहेरची वाट अधिक सोयीची करून दिलेली असते. पाखे उतरते, खाली पन्हळ, आणि पन्हळीतून पाणी चौकात. थोडक्यात, पाणी अडवायचे नाही, वळवायचे. हे जुन्या बांधणीचे सूत्र होते, आणि ते टिकवण्यासाठी दरवर्षी पावसाआधी छपराची शाकारणी होई. गळू लागल्यावर धावाधाव करण्याची ती रीत नव्हे.

वाहनांच्या बाबतीत मात्र अडचण वेगळी होती. कौले काही टांग्यावर घालता येत नाहीत. तिथे आला टप. कमानींवर ताणलेले कातडे किंवा जाड कापड, मागे दुमडता येणारे. कापड पाणी पिऊ नये म्हणून त्याला तेल, मेण लावत. मेणकापड हा शब्द आपल्याकडे त्यातूनच रुजला. विलायतेत चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून जलरोधक कापड काढले. पण ते उन्हात चिकट होई नि थंडीत कडक. गंधक घालून रबर तापवले की ते लवचीक राहते, ही चार्ल्स गुडइयरची युक्ती. तिचे अमेरिकन पेटंट १८४४ चे. आज मोटारीच्या दाराभोवती जे रबरी बीडिंग दिसते, त्याचे मूळ इथे आहे.

टांग्याचा टप गळतो अशी तक्रार मात्र कोणी फारशी करत नसे. का? कारण टांगा समोरून उघडाच! अंगावर चार शिंतोडे यायचेच, हे गृहीत धरलेले. पुण्याने पुढे रिक्षा आपलीशी केली. बजाज कंपनीला दुचाकी आणि तीनचाकी वाहने बनवण्याचा परवाना १९५९ साली मिळाला, आणि आकुर्डीचे नाव देशभर गेले. त्या रिक्षाचे हूड म्हणजे टांग्याच्या टपाचाच धाकटा भाऊ. जीपचेही तसेच, लोखंडी कमानी नि वर कॅनव्हास. फाटले तर शिवायचे, सैल पडले तर ताणायचे. शिंप्याच्या सुईने सुटणारा तो प्रश्न होता.

खरा बदल झाला तो बंद पोलादी टपाने. तुम्हांला आश्चर्य वाटेल, पण सुरुवातीच्या बंद मोटारींचे छतही पुरते पोलादी नसे. एवढा मोठा पत्रा एका दाबात घडवणे जमत नसे, म्हणून मधला भाग कापडाचा असे. जनरल मोटर्सने अखंड पोलादी टप आणला तो १९३५ च्या गाड्यांत. अखेर माणसाला गळतीपासून सुटका मिळाली म्हणावे, तर लगेच त्याला आभाळ पाहण्याची हौस आली! गॉर्डन ब्यूरिग या अमेरिकन आराखडाकाराने १९४८ च्या आपल्या टास्को नावाच्या नमुना गाडीत, मध्ये एक दांडा ठेवून दोन्ही बाजूंची झाकणे काढता येतील असा टप केला. त्याचे पेटंट त्याला १९५१ साली मिळाले. पोर्श कंपनीने १९६५ साली टार्गा दाखवली. हे नाव सिसिलीतल्या एका रस्त्यावरच्या शर्यतीवरून घेतलेले. १९६८ च्या कॉर्व्हेट गाडीने ब्यूरिगची कल्पना घरोघर पोचवली.

या कॉर्व्हेटची एक गोष्ट आपल्या कामाची आहे. तिच्या टपाला मधला दांडा मुळात ठेवायचा नव्हता. पण टप कापला की मोटार म्हणजे झाकण काढलेला पत्र्याचा डबा. झाकण असलेला डबा पिळून पाहा, हलत नाही. झाकण काढा नि पिळा, लगेच वाकडा होतो. खड्ड्यातून जाताना गाडी तशीच पिळवटते, आणि पिळवटली की सांधे उघडतात. म्हणून तो दांडा आला. १९७६ साली पाँटियाकच्या फायरबर्ड गाडीवर हर्स्ट कंपनीची काढती झाकणे आली. ती गळण्याबद्दलच गाजली, आणि १९७८ साली जनरल मोटर्सच्या फिशर विभागाने आपली वेगळी रचना पुढे आणली. म्हणजे बघा, हा प्रश्न भल्याभल्यांना छळून गेलेला आहे.

आता हा इतिहास आपल्या दारी आला आहे. पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या कारखान्यात २०२१ पासून जीप रँग्लर जोडली जाऊ लागली. तिच्या कडक टपाचे पुढचे दोन तुकडे आतून खटके सोडवून काढता येतात, आणि मागचा मोठा भाग वेगळा निघतो. म्हणजे डावा तुकडा, उजवा तुकडा नि मागचा भाग असे तीन सांधे एका जागी मिळतात. नदीच्या संगमावर पाणी जास्त, तसेच हे. एका सरळ सांध्यावर रबर दाबून बसवणे सोपे. तीन रबरांची टोके जिथे भेटतात तिथे केसभर फट राहिली तरी पुरते.

आणि पाणी त्या फटीतून वर कसे चढते? दोन कारणांनी. पहिले केशाकर्षण: दिव्याची वात ज्या न्यायाने तेल वर ओढते, त्याच न्यायाने अरुंद फट पाणी ओढते. दुसरे वारा. गाडी वेगात असली की काचेवरचे पाणी वाऱ्याने वर ढकलले जाते, आणि टपावरची हवा वेगाने धावल्याने तिथला दाब कमी होऊन पॅनेल किंचित वर उचलले जाते. म्हणूनच शहरातल्या पावसात कोरडी राहणारी गाडी लोणावळ्याच्या घाटात गळते. पुण्याचा पाऊस वर्षाला सरासरी सत्तर-पंच्याहत्तर सेंटिमीटर. घाटमाथ्यावर त्याच्या कित्येक पट.

आता उपाय. पहिला नियम हा की, पाणी जिथे पडते तिथेच ते शिरले, असे समजू नका. ते आतल्या अस्तरावरून दोन-दोन हात प्रवास करते. एकाने आत बॅटरी घेऊन बसावे, दुसऱ्याने बाहेरून नळीने संथ पाणी सोडावे. आधी खालच्या सांध्यावर, मग हळूहळू वर. एकदम वरून ओतले तर सगळेच भिजते नि काहीच कळत नाही. दुसरी युक्ती खडूची. गाडी कोरडी करून बीडिंगला खडूची पूड लावा, पॅनेल बसवा, पुन्हा काढा. समोरच्या कडेवर जिथे पूड उमटली नाही, तिथे रबर टेकतच नाही. कागदाची पट्टी सांध्यात धरून टप बंद केला आणि ती सहज ओढून निघाली, तरी तोच अर्थ.

जागा सापडली की आधी सफाई. धूळ, पाने, झाडाचा चीक, सगळे साबणाच्या पाण्याने पुसा. पेट्रोल वा रॉकेल लावू नका, रबर फुगते. मग पॅनेल पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने बसवा आणि खटके दोन्ही बाजूंनी सारखे आवळा. एक बाजू घट्ट नि दुसरी सैल, ही गळतीची अगदी सामान्य तऱ्हा आहे. रबर चपटे होऊन तसेच राहिले असेल तर ते बदलावेच लागेल. आपले एप्रिल-मेचे ऊन त्याचा जीव काढते. नवे रबर बसवल्यावर सिलिकॉनचे पातळ वंगण पुरे.

आणि शेवटी निचऱ्याची भोके. टपाच्या नि काचेच्या कडेला पन्हळीसारखे खाचे असतात. बाहेरचा ओठ ओलांडून आलेले पाणी तिथे धरून बाहेर सोडायचे, हे त्यांचे काम. ते तुंबले की नवे रबरही हरते. म्हणूनच दिसेल त्या फटीत लांबी किंवा सिलिकॉन भरून टाकणे, हा उपाय घातक. त्याने फट बुजते तशी पन्हळही बुजते. पाणी दुसरी वाट शोधते नि गालिच्याखाली जाऊन बसते. तिथे ते दिसत नाही. दिसतो तो पुढे कुबट वास, तळाच्या पत्र्याचा गंज, आणि आसनाखालच्या विजेच्या जोडण्यांत शिरलेला ओलावा. काही रुपयांच्या सिलिकॉनने हजारोंचे काम निघते ते असे.

सांगायचे एवढेच की कौले शाकारणाऱ्याला जे ठाऊक होते, तेच इथे लागू आहे: ओठ नीट चढलेला हवा, पन्हळ मोकळी हवी, आणि हे सारे वैशाखात तपासलेले हवे. नाना पेठेत सुट्या भागांची दुकाने आहेत, बीडिंग तिथे चौकशी केल्यास मिळू शकेल. पण ते घ्यायला जाण्याआधी एक बादली पाणी, एक खडू आणि अर्धा तास एवढा खर्च कराच. पुष्कळदा तेवढ्यावरच भागते.