चोरीस : आगोटीच्या वाळवणातला एक इतिहास

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तांबड्या-काळपट मण्यांच्या माळा टांगलेल्या दिसतात. हातभर दोरा, त्यावर ठरावीक अंतराने मारलेल्या गाठी आणि दोन गाठींच्या मध्ये मसाल्याने माखलेला फुगीर गोळा. त्यातले लहान मणी पाहून जपमाळेची आठवण व्हावी. विकणाऱ्या बाईला नाव विचारले तर उत्तर येते, ‘चोरीस’. मराठीच्या माणसाला हा शब्द थेट चतुर्थीतला वाटतो, आणि ‘चोरीस गेले तरी काय?’ असा वैयाकरणी विनोद सुचल्यावाचून राहत नाही. वास्तविक हे पोर्तुगीज ‘शोरिसू’चे कोंकणी जिभेवर बसलेले रूप. डुकराच्या मांसाचे तुकडे मीठ, व्हिनेगार, मिरची आणि मसाल्यात मुरवायचे, स्वच्छ केलेल्या आतड्यात भरायचे, बांधायचे आणि वाळवायचे. इंग्रजीत याला सॉसेज म्हणतात. परंतु कृती नीट पाहिली तर हे लोणचे आहे, असे म्हणावेसे वाटते. हा केवळ शब्दांचा खेळ नाही. या पदार्थाचा इतिहास ‘सॉसेज’ आणि ‘लोणचे’ या दोन शब्दांमधल्या अंतरात दडलेला आहे, असे माझे मत आहे.

गोव्यातल्या धर्मांतराविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात अन्नाला मोठे स्थान आहे. पाव विहिरीत टाकला आणि गाव बाटला, ही कथा कोकणात कोणी ऐकलेली नाही? डुकराच्या मांसाचेही तसेच. ते खाल्ले की परतीची वाट बंद, अशी समजूत दोन्ही बाजूंनी पक्की होती. या समजुतीमागे इतिहास आहे, आणि तो गोव्याच्याही आधीचा आहे. पोर्तुगालमध्ये १५३६ साली इन्क्विझिशनची स्थापना झाली, तेव्हा सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यूंना ओळखण्याच्या खुणा जाहीर करण्यात आल्या. डुकराची चरबी न खाणे, ससा न खाणे, खवले नसलेले मासे टाळणे, या त्यांपैकी काही खुणा. म्हणजे शेजाऱ्याच्या ताटात काय नाही, हे पाहून त्याची श्रद्धा ठरवायची! ज्या समाजात न खाणे हा गुन्हा ठरतो, तिथे खाणे ही साक्ष होते. उत्तर पोर्तुगालमध्ये ‘आल्येइरा’ नावाचे सॉसेज मिळते. डुकराऐवजी कोंबडीचे मांस आणि पाव भरलेले हे सॉसेज ज्यूंनी शेजाऱ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी धुराड्यात टांगण्याची युक्ती म्हणून शोधले, अशी दंतकथा तिथे सांगतात. दंतकथेला कागदोपत्री आधार फारसा नाही; परंतु ती रचली गेली आणि टिकली, एवढे पुरेसे बोलके आहे.

हे न्यायासन १५६० साली गोव्यात आले. पुढे १७७४ ते १७७८ ही चार वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. त्याच्या छायेत जगलेल्या माणसांपैकी एकाचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. गार्सिया द ऑर्ता हा वैद्य जन्माने नवख्रिस्ती, म्हणजे बाटवलेल्या ज्यू कुळातला. त्याचा भारतीय औषधींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यातल्या नारळावरच्या संवादात माडाची सूर, तिच्यापासून गाळलेली दारू आणि सुरेचेच व्हिनेगार यांची हकीकत येते. ऑर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. आणि १५८० मध्ये खुद्द त्याची हाडे उकरून जाळली गेली. चोरिसाला ज्याच्यावाचून चव नाही, त्या माडाच्या व्हिनेगारची नोंद करणारा माणूस अशा रीतीने मेल्यावरही सुटला नाही.

गोव्यात मात्र या न्यायासनापुढचा पेच लवकरच बदलला. इथले नवे ख्रिस्ती बहुसंख्येने हिंदू कुळांतले होते, आणि त्यांच्या जुन्या सवयी ताटात काय नाही यावरून कळण्याजोग्या नव्हत्या. अ. का. प्रियोळकरांनी आपल्या ‘द गोवा इन्क्विझिशन’ (१९६१) या ग्रंथात १७३६ चा जो जाहीरनामा दिला आहे, तो मराठीच्या विद्यार्थ्यांनी जरूर वाचावा. लग्नात ओव्या गाऊ नयेत, अंगणात तुळस लावू नये, पुरुषांनी पुडवे नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये, अशी मनाईची लांबलचक यादी त्यात आहे. आणि तीतच आहे भात शिजवताना मीठ न घालता मागाहून चवीपुरते घालण्याची मनाई, कारण हिंदू तसे करतात! दोनशे वर्षे सत्ता गाजवल्यानंतर न्यायासनाला भाताच्या मिठात डोकवावे लागते, यातच त्याच्या पराभवाची कबुली आहे. ज्या गोष्टी मनाईच्या यादीत येतात त्या चालू असतात, हे तर इतिहासाचे साधे गमक आहे.

आता चोरिसाकडे वळू. पोर्तुगालमध्ये डुक्कर मारण्याचा सोहळा हिवाळ्यात होतो. लसूण, वाईन आणि तांबड्या मिरचीची पूड लावलेले मांस आतड्यात भरून थंड हवेत धुरावर टांगतात. थंडीच ते सांभाळते. गोव्यात ही थंडी आणायची कुठून? इथे हवा दमट, आणि जूनपासून चार महिने घरात कपडासुद्धा वाळत नाही. मूळ कृती जशीच्या तशी केली असती तर ती पहिल्याच पावसात नासली असती. तेव्हा थंडीची जागा आंबटाने घेतली. मांसातले पाणी मिठाने काढून टाकायचे, उरलेल्या ओलाव्यात व्हिनेगार आणि मसाला मुरवायचा आणि एप्रिल-मेच्या उन्हात वाळवायचे. आंब्याच्या फोडींना मीठ लावून सुटलेले पाणी काढून टाकणाऱ्या कोणत्याही कोकणी गृहिणीला यातले काही नवे वाटणार नाही.

सासष्टीतल्या एका स्नेह्यांच्या घरी हा सारा खटाटोप पाहण्याचा योग मला काही वर्षांपूर्वी आला. घरातल्या आजीबाई पाटावर बसून सूत्रे हलवीत होत्या. मांस यंत्रात दळायचे नाही, सुरीनेच बोटाच्या पेराएवढे कापायचे आणि चरबीचे तुकडे वेगळे ठेवायचे, हा त्यांचा पहिला दंडक. मग भरपूर जाडे मीठ चोळून ते परातीत वर वजन ठेवून दडपले. दुसऱ्या दिवशी सुटलेले पाणी ओतून दिले आणि तुकडे सुपांत पसरून उन्हात ठेवले. मसाल्यात सुक्या तांबड्या मिरच्या, आले, लसूण, मिरी, जिरे, लवंग, दालचिनी आणि हळद. हे सारे पाण्याचा थेंब न लावता व्हिनेगारात वाटायचे. पाणी लागले की बुरशी आली, हे आजीबाईंनी मला तीनदा बजावले. लोणच्याच्या बरणीबाबत माझी आईही हेच बजावीत असे. वाटणात फेणीचा एक पेला गेला. मग दोन-तीन दिवस मुरवण. त्यानंतर मीठ आणि व्हिनेगार लावून धुतलेली आतडी नरसाळ्यावर चढवून भरणे, हवेचा फुगा दिसला की सुईने टोचणे, दोऱ्याने गाठी मारणे, पुन्हा ऊन, आणि शेवटी चुलीवरच्या आडव्या काठीवर टांगणे. तिथे धूर आपोआप लागतो. चव पाहण्याची पद्धत मला विशेष वाटली. आजीबाईंनी मुरलेला एक तुकडा तव्यावर परतून खाल्ला, क्षणभर थांबल्या आणि ‘आणखी आंबट हवे’ म्हणाल्या. प्रमाण कुठेही लिहिलेले नव्हते.

हे जपणे उगाच नव्हते. युरोपात सॉसेजमुळे होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास जर्मन कवी आणि वैद्य युस्टिनुस केर्नर याने १८२० च्या सुमारास केला. आणि त्या विषबाधेला मिळालेल्या ‘बोट्युलिझम’ या नावात सॉसेजचा लॅटिन शब्दच बसला आहे. मीठ आणि आम्ल या विषाच्या जंतूला वाढू देत नाहीत, हे विज्ञानाने पुढे सांगितले.

या कृतीतली सामग्री वेगळी काढून पाहावी. मिरची पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात अमेरिकेतून आणली, काजूही त्यांनीच ब्राझीलहून. सूर इथल्या माडाची, मिरी आणि आले इथलेच, हळद इथलीच. वाटण्याची रीत इथली. आणि व्हिनेगारचे नाव मात्र पोर्तुगीज ‘व्हिनाग्री’. पाव, बटाटा, पगार, चावी हे शब्द जसे मराठीने मुकाट्याने आपलेसे केले, तसेच हे. परंतु या मिश्रणाचे ‘दोन संस्कृतींचा संगम’ म्हणून कौतुक करण्याची जी लकब हल्ली पर्यटनाच्या पत्रकांत दिसते, ती मला मान्य नाही. संगमात दोन्ही नद्या आपखुशीने येतात. सासष्टीतली देवळे १५६६-६७ मध्ये पाडली गेली आणि त्या मागोमाग हा पदार्थ इथल्या घरांत शिरला, हे विसरून त्याचा आस्वाद घेता येईल, पण इतिहास लिहिता येणार नाही. उलट, त्याला केवळ जुलमाचे चिन्ह म्हणून वाचले तर चुलीजवळच्या त्या बायकांच्या हातांवर अन्याय होतो. जे त्यांच्यावर लादले गेले, ते त्यांनी आपल्या पद्धतीने घातले, आपल्या उन्हात वाळवले.

आणि आपल्या पंचांगात बसवले. मला यातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. पोर्तुगालमधला हिवाळ्याचा पदार्थ गोव्यात पावसाळ्याच्या बेगमीचा झाला. कोकणात जिला आपण आगोट म्हणतो, तिला गोव्यात ‘पुरुमेंत’ म्हणतात. हा शब्दही पोर्तुगीज, ‘प्रोव्हिमेंतु’ म्हणजे तरतूद यावरून आलेला. पण जिच्यासाठी तो वापरतात ती गरज इथल्या पावसाने निर्माण केलेली, कोणत्याही बोटीतून न आलेली. एका अंगणात सांडगे आणि पापड, पलीकडच्या अंगणात चोरीस. दोन्हीकडे कावळे हाकायला एखादे पोर बसवलेले आणि दोन्हीकडच्या बायकांची नजर एकाच आभाळावर. भाताच्या मिठात डोकावणाऱ्या न्यायासनाला या सामायिक पंचांगावर मनाईहुकूम काढणे कसे जमावे?

पुढे चोरीस गोव्याबाहेर गेले ते त्याच्या टिकाऊपणामुळे. मुंबईत धोबी तलावाच्या आसपासच्या कुडांत राहणाऱ्या खलाशांच्या आणि आचाऱ्यांच्या पेट्यांतून ते आले, बोटींवर गेले. आता ते कारखान्यातही होते. घरी करणारी घरे कमी होत आहेत. ज्या आजीबाईंकडे मी पाहिले त्यांच्या सुनेने पुढे ते करणे सोडले. आतडी धुण्याचे काम कोणाला नको असते, आणि त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही.

मडगावला पवित्र आत्म्याच्या चर्चच्या फेस्ताच्या निमित्ताने पुरुमेंताची जत्रा भरते. मृग जवळ आलेला असतो. जाडे मीठ, सुक्या मिरच्या, चिंच, सोले, सुकी मासळी आणि चोरिसाच्या माळा एकाच रांगेत मांडलेल्या असतात. गिऱ्हाईक भाव करते, मधूनच वर पाहते आणि पिशवीचे तोंड आवळून घराकडे निघते.