मित्रांचे घर : एका सोव्हिएत बाहुलीपटाची हकिकत

मुलांचा बोलपट हा इतिहासाच्या व्याख्यानाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. लढाया, तह आणि राज्यक्रांत्या यांच्या पंक्तीला वीस मिनिटांचा बाहुलीपट आणून बसवावयाचा म्हणजे मोठ्यांच्या पंगतीत पोराला पाट मांडण्यासारखेच आहे. परंतु मोठी माणसे एकमेकांशी बोलताना सावध असतात. मुलांना गोष्ट सांगताना ती जरा सैल होतात. त्यामुळे बखरीत आणि ठरावांत जे उतरत नाही ते कधी कधी मुलांच्या गोष्टीत सापडते. मॉस्कोच्या सोयुझमुल्टफिल्म या संस्थेने १९६९ साली काढलेला ‘क्रोकोदिल गेना’ हा चित्रपट मी याच दृष्टीने पुढे ठेवणार आहे.

गोष्ट साधी आहे. एका मोठ्या शहरात गेना नावाचा मगर राहतो. (मराठीत मगर स्त्रीलिंगी, पण हा गेना पुरुष आहे, तेव्हा व्याकरणाने थोडा वेळ डोळेझाक करावी.) तो प्राणिसंग्रहालयात नोकरीला आहे आणि नोकरी कोणती, तर मगराची! सकाळी जावयाचे, कोट-टोपी काढून ठेवावयाची, तळ्याकाठी पडून राहावयाचे. शेजारी पाटी : आफ्रिकी मगर, वय वर्षे पन्नास, खाऊ घालण्यास व कुरवाळण्यास परवानगी आहे. संध्याकाळी घंटा झाली की पुन्हा कोट-टोपी चढवून हा सद्गृहस्थ घरी येतो, पाइप ओढतो आणि बुद्धिबळाचा पट मांडतो. समोर भिडू नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळतो. शेवटी एके रात्री तो कंटाळून कागद घेतो आणि आपल्याला मित्र हवे आहेत अशा जाहिराती लिहून शहरभर डकवून येतो.

त्या जाहिराती वाचून जे येतात त्यांत चेबुराश्का असतो. हा कोण, हे कोणालाच ठाऊक नाही. उष्ण प्रदेशातील अरण्यात तो संत्र्यांच्या पेटीत शिरला, संत्री खाऊन तिथेच झोपला आणि पेटीबरोबर शहरात आला. दुकानदाराने पेटी उघडली तेव्हा पेटीत बसून बसून त्याचे पाय इतके आखडले होते की तो उभा राही आणि पडे. पडतो म्हणून त्याचे नाव चेबुराश्का. प्राणिसंग्रहालयाने त्याला ठेवून घेण्याचे नाकारले, कारण शास्त्राला माहीत नसलेल्या जनावराला कोणत्या पिंजऱ्यात ठेवावयाचे? तेव्हा त्याला राहावयास मिळाली ती टेलिफोनची खोपटी. आईबाप नाहीत, जात नाही, गाव नाही, पत्ता नाही.

मूळ पुस्तक एदुआर्द उस्पेन्स्की यांचे, १९६६ सालचे. उस्पेन्स्की मॉस्कोच्या विमानविद्या संस्थेत शिकलेले इंजिनिअर. लेखणीकडे ते नंतर वळले. नावाची कथा त्यांनी दोन प्रकारे सांगितली आहे. पुस्तकाच्या प्रारंभी ते म्हणतात की चेबुराश्का हे आपले लहानपणचे खेळणे. पुढे मात्र ते सांगू लागले की एका मित्राच्या लहान मुलीला तिच्या मापाबाहेरचा कोट घातला होता, ती चालताना पुनःपुन्हा पडे, आणि तिच्या पडण्याला घरचे माणूस जो शब्द वापरी त्यातून हे नाव निघाले. लेखकाच्या अशा हकिकतींवर फार भिस्त ठेवू नये. पण एक निश्चित, की दाल यांच्या एकोणिसाव्या शतकातील रशियन कोशात हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ, कितीही आडवी केली तरी उठून उभी राहणारी बाहुली, असा दिला आहे. पडणे आणि उठणे, दोन्ही त्या एका शब्दात आहे.

आता ज्यांनी या पुस्तकाचा चित्रपट केला त्यांच्याकडे वळू. दिग्दर्शक रोमान काचानोव्ह यांचा जन्म १९२१ सालचा, स्मोलेन्स्क शहरातील ज्यू घराण्यात. आई लहानपणीच गेली. युद्धात जर्मनांनी स्मोलेन्स्क घेतले तेव्हा त्यांचे वडील आणि बहीण नाझींच्या हातून मारले गेले. बाहुल्यांचे रूप ज्यांनी ठरविले ते लिओनिद श्वार्ट्समन १९२० साली मिन्स्क येथे एका ज्यू घरातच जन्मले. लेनिनग्राडच्या वेढ्यात त्यांची आई वारली. ते स्वतः रणगाड्यांच्या कारखान्यात काम करीत आणि कारखान्याबरोबर उरल पर्वतापलीकडे चेल्याबिन्स्कला गेले. त्या युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे दोन कोटी सत्तर लाख माणसे मेली. तेव्हा त्या देशात १९६९ साली पस्तिशी ओलांडलेला असा माणूस विरळाच, की ज्याच्या घरी एक तरी जागा रिकामी नव्हती. या दोघांनी निराधार पोराची गोष्ट निवडली आणि तीत युद्धाचा एकही उल्लेख येऊ दिला नाही.

काचानोव्ह यांनी याच्या दोन वर्षे आधी ‘वारेझ्का’ म्हणजे हातमोजा नावाचा छोटा चित्रपट केला होता. एका मुलीला कुत्र्याचे पिल्लू हवे असते, आई आणू देत नाही, तेव्हा ती आपला लोकरी हातमोजाच दोरीला बांधून फिरवते, आणि त्या मोजाचे पिल्लू होते. त्यात शब्द एकही नाही. माझ्या मते कला म्हणून तो ‘गेना’हूनही सरस आहे, पण लोकांनी घरात घेतला तो चेबुराश्का.

या बाहुल्या हलतात कशा, हे थोडक्यात सांगावयास हवे. बाहुलीच्या अंगात सांध्यांचा धातूचा सांगाडा असतो. तिचा हात केसभर हलवावयाचा आणि एक छायाचित्र घ्यावयाचे. पुन्हा केसभर, पुन्हा एक. पडद्यावर एका सेकंदाला २४ चित्रे सरकतात; म्हणजे वीस मिनिटांच्या चित्रपटाला २८,८०० चित्रे. ही विद्या आपल्याला अगदीच परकी नाही. वाटाण्याची वाढ रोज थोडी थोडी टिपून दादासाहेब फाळक्यांनी ती पडद्यावर भराभर होताना दाखविली होती आणि ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्या नाचविल्या, त्यामागे हीच युक्ती. मॉस्कोत हे काम चाले ते अरबाट भागातील एका जुन्या चर्चच्या इमारतीत. देवाला तेथून काढून तिथे बाहुल्या बसविल्या होत्या, हा त्या राजवटीचा एक विनोदच म्हणावयाचा.

पुस्तकातील चेबुराश्काला घुबडासारखे पिवळे डोळे आणि अस्वलाच्या पिलासारखी आखूड शेपूट आहे. श्वार्ट्समननी शेपूट काढून टाकली, डोळे लहान मुलाचे केले, आणि डोक्यावरचे कान खाली आणून दोन्ही बाजूंना पंख्यासारखे पसरविले. पाय तर जवळजवळ नाहीतच. नुसती पावले अंगाला चिकटलेली. म्हणून त्याला चालताना पाहिले की आता पडेल असे वाटत राहते आणि आपला हात नकळत पुढे होतो. आज जगाला ठाऊक असलेला चेबुराश्का हा या कानांसकट श्वार्ट्समन यांचा आहे. क्लारा रुम्यानोवा या अभिनेत्रीचा त्याला आवाज आहे, आणि गेनाचा आवाज वासिली लिवानोव्ह यांचा.

याच श्वार्ट्समन यांचा भारताशी एक संबंध आहे. १९५४ साली लेव अतामानोव्ह यांनी भारतीय लोककथांच्या आधारे ‘सोन्याची हरिणी’ हा व्यंगपट काढला, त्याच्या दोन कलादिग्दर्शकांपैकी ते एक. त्यात एक पोरका मुलगा हरिणीला शिकाऱ्यांपासून वाचवितो, आणि सोन्याचा हव्यास धरणारा राजा सोन्याखालीच गाडला जाऊ लागतो. पोरके मूल आणि त्याला लाभलेला सोबती, हे सूत्र त्यांच्या हाताखालून आधीच गेले होते. पुढे मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची चित्रमय पुस्तके लोकवाङ्मय गृहाच्या द्वारे मराठी घरांत स्वस्तात येऊ लागली, त्या पुस्तकांवर वाढलेल्या पिढीला या चित्रांची जातकुळी पाहताक्षणी ओळखता येईल.

पुन्हा कथेकडे. गेना, चेबुराश्का आणि गाल्या नावाची मुलगी एकत्र येतात. तेवढ्यात एक सिंह येतो. त्याचे नाव, ऐकून गंमत वाटेल, चांद्र! त्यालाही मित्र हवा आहे, आणि टोबिक नावाच्या एकट्या कुत्र्याशी त्याची जोडी जमते. शहरात असे एकटे किती असतील, या विचाराने ही मंडळी मित्रांसाठी एक घर बांधावयास घेतात. विटा येतात, भिंती चढतात. शापोक्ल्याक नावाची एक म्हातारी पिशवीत उंदीर घेऊन मध्येच विघ्ने आणते. घर पुरे होते आणि तेव्हा ध्यानात येते की घराची गरजच उरलेली नाही. ज्यांना मित्र हवे होते त्यांची बांधता बांधता गट्टी जमून गेली आहे. मग ते घर बालवाडीला देऊन टाकतात.

हे १९६९ साली मॉस्कोत पाहणाऱ्याला काय वाटले असेल, याचा विचार करावा. क्रांतीनंतर शहरांतील मोठ्या घरांच्या वाटण्या झाल्या आणि एका बिऱ्हाडात पाच-सहा कुटुंबे कोंबली गेली. त्यांना एक स्वयंपाकघर, एक नळ. याला कोमुनाल्का म्हणत. आपली गिरगावची चाळ डोळ्यांसमोर आणावी, पण चुलीसुद्धा एकाच खोलीत मांडलेल्या. १९५७ साली ख्रुश्चेव्ह यांच्या सरकारने घरबांधणीचा प्रचंड कार्यक्रम काढला, आणि पाच मजली, एका साच्याच्या इमारतींतून कोट्यवधी लोकांना आयुष्यात प्रथम स्वतःचे दार लावून घेता आले. हे फार मोठे सुख होते. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार चाळीत न राहिलेल्यांना तर मुळीच नाही. पण दार लावले की आतला माणूस एकटा होतो. त्याच सुमारास सोव्हिएत संघात शहरी लोकसंख्या खेड्यांहून अधिक झाली. खेड्यातला आप्त मागे राहिला, युद्धात गेलेला तर परत येणारच नव्हता. बुद्धिबळाचे दोन्ही डाव एकट्याने खेळणारा गेना हा त्या नव्या सदनिकेतील रहिवासी आहे. भिंतीवर डकविलेली जाहिरातही प्रेक्षकाच्या ओळखीची. जागांच्या अदलाबदलीच्या चिठ्ठ्या तेव्हा अशाच लागत. फरक एवढाच, की गेना जागा मागत नाही.

सरकारी तत्त्वज्ञान असे, की समाजवादात कोणी एकटा नसतो, समूह त्याच्या पाठीशी असतो. हा चित्रपट त्या तत्त्वाला विरोध करीत नाही; उलट सामूहिक श्रमाचे गुणगानच करतो, आणि घर शेवटी समाजालाच अर्पण होते. तरीही समूह कोठून आला पाहा. तो कोणत्याही कचेरीने नेमलेला नाही. एका एकट्याने रात्री हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांतून तो जमला. १९७१ च्या ‘चेबुराश्का’ या दुसऱ्या चित्रपटात हा सांधा उघड दिसतो. गेना आणि चेबुराश्का यांना बालवीर पथकात जावयाचे आहे. पथक म्हणते, तुम्हांला संचलन येत नाही, पक्ष्यांची घरटी करता येत नाहीत. मग ते मुलांसाठी क्रीडांगण उभारतात, भंगार लोखंड गोळा करतात, आणि तेव्हा कुठे पथकात घेतले जातात. स्वीकार होतो, पण आधी परीक्षा होते. पहिल्या चित्रपटात कोणीही कोणाची परीक्षा घेतली नव्हती.

माया बालाकिर्स्की कॅट्झ या अभ्यासिकेने २०१६ साली आपल्या ग्रंथात असे मांडले आहे की चेबुराश्का हे सोव्हिएत ज्यूंचे रूपक आहे. संत्र्याची पेटी, परदेशी मूळ, कोणत्याही वर्गात न बसणे या गोष्टींकडे ती बोट दाखविते. काचानोव्ह आणि श्वार्ट्समन ज्यू होतेच, पुढच्या चित्रपटांचे संगीतकार व्लादिमीर शाइन्स्की हेही ज्यू. सोव्हिएत कागदपत्रांत राष्ट्रीयत्वाचा एक रकाना असे आणि तो नोकरी-शिक्षणाच्या आड येई. या रकान्यात काय लिहावे हे चेबुराश्काला सांगता आले नसते, हे खरे. तथापि संत्र्याची पेटी उस्पेन्स्की यांच्या पुस्तकातच होती; चित्रपटकारांनी ती खूण म्हणून घुसडली असे म्हणता येत नाही. त्यांना ती आपली वाटली असेल, इतके मी मान्य करीन. पण रूपकाला एकाच धन्याच्या दावणीला बांधले की बाकीच्या लाखो प्रेक्षकांनी त्यात काय पाहिले हे सुटून जाते.

शापोक्ल्याक म्हातारीविषयी एक शब्द. तिचे नाव घडीच्या उंच फ्रेंच टोपीवरून आले आहे, म्हणजे ती जुन्या जगातून उरलेली. तिचे गाल आणि अंबाडा आपल्या सासूबाईंवरून घेतल्याचे श्वार्ट्समन सांगत. सासूबाईंना ते कितपत रुचले असेल कोण जाणे! १९७४ च्या तिसऱ्या चित्रपटात ती या दोघांची आगगाडीची तिकिटे चोरते, त्यांना वाटेत उतरावे लागते, आणि चालता चालता त्यांना कारखान्याने घाण केलेली नदी दिसते. पण शेवटी तीही त्यांच्या बाजूला येते. परतीच्या प्रवासात तिघे गाडीच्या शेवटच्या डब्याच्या टपावर बसलेले आहेत, गेना बाजा वाजवीत आहे. सुधारून नव्हे, तर खोड्यांसकट तिला सामावून घेतले आहे. कुटुंबात म्हातारीला असेच ठेवून घेतात. १९८३ साली चौथा चित्रपट निघाला. तो बेताचा आहे.

चेबुराश्का पुढे देशोदेशी गेला. स्वीडनमध्ये त्याचे नाव द्रुटन झाले, तेथेही पडण्यावरूनच. जपानमध्ये २००१ साली तो चित्रपटगृहांत दाखविला गेला आणि इतका आवडला की २०१० साली त्यांनी स्वतःचा बाहुलीपट काढला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून तो रशियन खेळाडूंचे शुभचिन्ह झाला. ज्याला प्राणिसंग्रहालयानेही ठेवून घेतले नव्हते त्याच्यावर आता हक्क सांगणारे पुष्कळ निघाले. शब्द उस्पेन्स्कींचे की रूप श्वार्ट्समनांचे, हा वाद वर्षानुवर्षे चालला. श्वार्ट्समन न्यायालयात गेले आणि २००७ साली दावा हरले. उस्पेन्स्की २०१८ मध्ये वारले.

मार्च २०२२ पासून अमेरिकन कंपन्यांनी रशियात आपले नवे बोलपट पाठविणे थांबविले होते. अशा वेळी १ जानेवारी २०२३ रोजी चेबुराश्काचा नवा मोठा चित्रपट लागला आणि त्याने रशियन चित्रपटांच्या उत्पन्नाचा तोवरचा उच्चांक मोडला. त्यात गेना मगर नाही. तो एक वृद्ध माळी आहे, आणि त्याचे आपल्या मुलीशी बिनसलेले आहे. म्हणजे या वेळी चेबुराश्काला नवे गोत जमवावयाचे नाही. रक्ताचे तुटलेले नाते सांधून द्यावयाचे आहे. श्वार्ट्समन यांनी तो पाहिला नाही. सहा महिने आधी, २ जुलै २०२२ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी मॉस्को येथे त्यांचे निधन झाले.