एसईलिनक्स : धोरण व सेवा-अवरोध

एसईलिनक्स : (सुरक्षावर्धित लिनक्स). लिनक्स या संगणक परिचालन प्रणालीत प्रत्येक प्रक्रियेचे अधिकार मध्यवर्ती धोरणाने ठरविणारी यंत्रणा. परंपरागत युनिक्स पद्धतीत फाइलीचा मालक तिच्या वापराची परवानगी देई आणि ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्यावर बंधन नसे. त्यामुळे रूटच्या अधिकाराने चालणारी एखादी सेवा घुसखोराच्या हाती गेल्यास सर्व संगणकच त्याच्या ताब्यात जाई.

प्रत्येक वापर तपासणाऱ्या, टाळता न येणाऱ्या नियंत्रकाची कल्पना अमेरिकी हवाई दलासाठी १९७२ मध्ये तयार झालेल्या जेम्स अँडरसन यांच्या अहवालात मांडण्यात आली. १९८५ मध्ये बोबर्ट व केन यांनी प्रक्रिया व फाइली यांचे प्रकार पाडून नियंत्रण करण्याची पद्धत सुचविली. तिच्या आधारे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने विकसित केलेली एसईलिनक्स ही यंत्रणा डिसेंबर २००० मध्ये सर्वांस खुली करण्यात आली. २००३ मध्ये ती लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये समाविष्ट झाली.

व्यवहारात मात्र अडचणी उद्‌भवल्या. फेडोरा कोअर २ (२००४) च्या चाचणी आवृत्तीत ती चालू ठेवण्यात आली होती. परंतु सर्वव्यापी कडक धोरणामुळे नेहमीची कामे अडू लागली व अंतिम आवृत्तीत ती मुळातच बंद ठेवावी लागली. त्याच वर्षी फेडोरा कोअर ३ मध्ये निवडक सेवांपुरतेच मर्यादित धोरण आले व ते रुळले.

सेवा सुरू न होण्याचे कारण बहुधा फाइलीवरील खुणेत असते. गृहनिर्देशिकेतून हलविलेली फाइल आपली जुनी खूण सोबत नेते. म्हणून नेहमीच्या परवानग्या बिनचूक असूनही वेब सेवेस ती वाचता येत नाही. सेवेस धोरणाबाहेरचा पोर्ट क्रमांक दिल्यासही नकार मिळतो. असा नकार सामान्यतः लेखापरीक्षण नोंदवहीत आढळतो. त्यात प्रक्रियेचा व फाइलीचा प्रकार आणि नाकारलेली क्रिया नमूद असते. त्यावरून खूण पूर्ववत करावयाची, पोर्ट धोरणात नोंदवावयाचा की नवा नियम करावयाचा, हे ठरते. अनुज्ञात अवस्थेत नकार केवळ नोंदविला जातो, अंमलात येत नाही. निदानासाठी ही अवस्था उपयुक्त असली, तरी तीच कायम ठेवल्यास संरक्षण उरत नाही. नोंदींवरून आपोआप नियम बनविणारी साधनेही जपून वापरावी लागतात. कारण खऱ्या घुसखोराला मिळालेला नकारही त्यांच्या योगे परवानगीत बदलू शकतो.

अनेक प्रशासक वैतागून ही यंत्रणा बंद करीत. तथापि २०१४ मध्ये अँड्रॉइड ५.० या आवृत्तीत ती सर्व प्रक्रियांस सक्तीने लागू झाली आणि असंख्य दूरध्वनिसंचांत वापरकर्त्यांच्या नकळत काम करू लागली. धोरण आधी नीट आखल्यास सुरक्षितता व सुलभता एकत्र नांदू शकतात, हे त्यावरून दिसून येते.