वाटसरू आणि वर्गणीदार

नियतकालिकांचा इतिहास लिहिताना संपादकांची नावे आणि गाजलेले अग्रलेख यांची नोंद आवर्जून केली जाते; वर्गणीदारांच्या नोंदवहीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक पाहता नियतकालिकाचे आयुष्य ठरते ते त्या नोंदवहीत. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले आणि १८४० साली ते थांबले. त्यानंतरच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत मराठीत शेकडो नियतकालिके निघाली. १८४२ मध्ये अहमदनगरला निघालेला 'ज्ञानोदय' आणि १९०३ मध्ये जर्मन जेज्वीट धर्मगुरू हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेला 'निरोप्या' ही तर आपल्या घरातलीच नावे. या सर्वांनी आपला वाचक एकाच रीतीने ओळखला. ज्याने वर्षाचे पैसे आधी दिले, नाव-गाव कळवले आणि पुढच्या अंकाची वाट पाहण्याची तयारी दाखवली, तो वर्गणीदार.

वाचक मोजण्याची दुसरी रीत न्यूयॉर्कमध्ये रूढ झाली. १८३३ साली बेंजामिन डे याने 'सन' हे दैनिक अवघ्या एका सेंटला रस्त्यावर विकायला काढले. अंकाच्या किमतीतून खर्च निघणार नव्हता. तो जाहिरातींतून निघायचा होता आणि जाहिरातदाराला दाखवायला हवी होती ती मोठी संख्या. वाचक येथे प्रथमच मोजून विकण्याची वस्तू झाला. संख्या विकाऊ झाली की ती फुगवलीही जाते. म्हणूनच १९१४ मध्ये अमेरिकेत आणि १९४८ मध्ये भारतात खपाची तपासणी करणारी ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था स्थापन करावी लागली. नाव असलेला वर्गणीदार आणि संख्येत मिसळून गेलेला वाटसरू, असे वाचकाचे दोन प्रकार तेव्हापासून चालत आले आहेत. इंटरनेटवरील संकेतस्थळांचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास आम्हांला याच दोघांतील ओढाताणीचा इतिहास वाटतो.

३० एप्रिल १९९३ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेने वर्ल्ड वाइड वेबची प्रणाली सर्वांना विनामूल्य वापरण्यास खुली केली. संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते, त्या सर्व्हरला आरंभापासूनच एक सवय होती. तो रोजनामा लिहीत असे. कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता, कोणती फाइल मागितली गेली आणि ती देता आली की नाही, याची एकेक ओळ त्यात पडे. हा रोजनामा यंत्राचे दोष शोधण्यासाठी होता, वाचक मोजण्यासाठी नव्हे. परंतु ओळी मोजता येतात हे ध्यानात येताच लोक त्या मोजू लागले. प्रत्येक ओळीला 'हिट' हे नाव मिळाले आणि आमच्या संकेतस्थळावर महिन्याला लाखो हिट पडतात अशी शेखी मिरवणे सुरू झाले.

या शेखीत फारसा अर्थ नव्हता. एका पानावर दहा चित्रे असतील तर ते पान एकदा उघडताच अकरा ओळी लिहिल्या जात. माणूस एकच, हिट अकरा! याच्या उलटही घडे. एखाद्या महाविद्यालयाचा मधला संगणक एकदा आणलेले पान स्वतःजवळ साठवून ठेवी आणि पुढच्या पन्नास विद्यार्थ्यांना तेच दाखवी. सर्व्हरच्या रोजनाम्यात मात्र एकाच भेटीची नोंद होई. त्यात शोधयंत्रांचे स्वयंचलित कार्यक्रम रात्रंदिवस पाने उघडत, तेही वाचक म्हणूनच धरले जात. १९९५ मध्ये केंब्रिजच्या स्टीफन टर्नर यांनी रोजनामा वाचून तक्ते काढणारा 'ॲनालॉग' हा कार्यक्रम विनामूल्य उपलब्ध करून दिला. या रोजनाम्यावरून प्रत्यक्ष किती माणसे आली हे नक्की सांगता येत नाही, असे त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले होते. मोजमापाचे साधन देणाऱ्यानेच त्याची मर्यादा सांगावी, हे आम्हांला फार मोलाचे वाटते. त्याचे बोल किती जणांनी मनावर घेतले हा भाग निराळा.

१९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या तरुण अभियंत्याने 'कुकी' शोधून काढली. संकेतस्थळ वाचकाच्या ब्राउझरमध्ये एक लहानशी खूणचिठ्ठी ठेवते आणि तोच ब्राउझर पुन्हा आला की ती पाहून त्याला ओळखते. ग्राहकाने निवडलेल्या वस्तूंची यादी लक्षात राहावी, हा तिचा मूळ हेतू साधा होता. पण तिच्यामुळे एकदाच आलेला आणि पुन्हा पुन्हा येणारा यांत फरक करणे प्रथमच शक्य झाले. अर्थात चिठ्ठी ओळखते ती ब्राउझरला, माणसाला नव्हे. घरातील एकाच संगणकावर आईवडील आणि दोन मुले वाचत असतील तर चौघांचा एक पाहुणा होतो. उलट एकच गृहस्थ घरी, कचेरीत आणि मोबाइलवर वाचत असेल तर त्याचे तीन होतात.

आपल्या वाचकांना हे एका ओळखीच्या उदाहरणाने चटकन उमगेल. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला चर्चमध्ये जागा पुरत नाही, आवारात मंडप घालावा लागतो. त्या रात्रीची गर्दी खोटी नसते, तिचा आनंदही खराच. तरी जुलै महिन्यातील भर पावसाच्या रविवारी कोण येतो, यावरच धर्मग्रामाचा संसार चालतो.

या दोन संख्यांतील अंतर किती मोठे असते ते 'स्लेट'ला लवकर कळले. मायकेल किन्स्ली यांच्या संपादकत्वाखाली मायक्रोसॉफ्टने जून १९९६ मध्ये हे नियतकालिक केवळ वेबसाठी काढले. मार्च १९९८ पासून त्याला वर्षाला १९ डॉलर ९५ सेंट वर्गणी लावण्यात आली. वर्गणीदारांना भेट म्हणून 'स्लेट'चे नाव छापलेली छत्री मिळे. (वेबवरच्या नियतकालिकालाही वर्गणीदार मिळवण्यासाठी छत्रीच वाटावी लागली, हे वाचून आपल्याकडच्या जुन्या व्यवस्थापकांना बरे वाटावे.) वीस-तीस हजारांच्या घरात वर्गणीदार जमले. नव्या उपक्रमाला ही संख्या लहान नव्हे. परंतु विनामूल्य पाने पाहून जाणारे त्याच्या कितीतरी पट होते आणि जाहिरातदाराचे डोळे त्यांच्यावर होते. फेब्रुवारी १९९९ मध्ये 'स्लेट' पुन्हा सर्वांना खुले झाले. वाटसरू जिंकला.

'न्यूयॉर्क टाइम्स'ने हाच प्रवास अधिक वेळ घेऊन आणि अधिक किंमत मोजून केला. जानेवारी १९९६ मध्ये त्याचे संकेतस्थळ सुरू झाले, ते अमेरिकेतील वाचकांना नावनोंदणी करून फुकट होते. सप्टेंबर २००५ मध्ये नामवंत स्तंभलेखकांचे लेख आणि जुने अंक 'टाइम्स सिलेक्ट' या नावाने कुलपात गेले आणि वर्षाचे शुल्क ४९ डॉलर ९५ सेंट ठरले. सुमारे २,२७,००० माणसांनी ते भरले आणि वर्षाला जवळपास एक कोटी डॉलर मिळू लागले. त्याच वेळी संकेतस्थळाला महिन्याकाठी सरासरी १ कोटी ३० लाख पाहुणे भेट देत होते. त्यांतले कित्येक पहिल्या पानावरून येत नसत. शोधयंत्रात काहीतरी शोधताना ते थेट एखाद्या लेखाशी पोहोचत, कुलूप पाहत आणि परत फिरत. भारतासारख्या देशांतील आपले वाचक या कुलपामुळे तुटले, अशी खंत स्तंभलेखक टॉमस फ्रीडमन यांनी व्यक्त केली होती. पन्नास डॉलर ही रक्कम मुंबईतील विद्यार्थ्याला काय वाटत असेल, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. सप्टेंबर २००७ मध्ये कुलूप निघाले.

मधल्या काळात मोजणीचे साधन घरोघर पोहोचले होते. सॅन डिएगोची अर्चिन ही कंपनी गुगलने २००५ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'गुगल ॲनालिटिक्स' विनामूल्य देऊ केले. झुंबड एवढी उडाली की काही काळ नवी नावनोंदणी थांबवावी लागली. ज्या मोजणीसाठी मोठ्या कंपन्या पैसे मोजत, ती आता कोणत्याही शाळेला किंवा पतपेढीला फुकट मिळू लागली. आकड्यांची सवय लागली आणि पुढे त्यांचे व्यसनही लागले. न्यूयॉर्कच्या 'गॉकर'ने २००८ पासून लेखकांचे मानधन पाने उघडण्याच्या संख्येशी जोडले. लेखकाची लेखणी कोणीकडे वळते हे मग सांगावे लागत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केले की लोक सरासरी किती वेळ व्हिडिओ पाहतात याचा त्याने दिलेला आकडा दोन वर्षे फुगलेला होता. तीन सेकंदांच्या आत निघून गेलेल्यांना हिशेबातच धरले नव्हते. मधल्या काळात अनेक संपादकीय कचेऱ्यांनी व्हिडिओच्या मागे लागून लिहिणारी माणसे कमी केली होती. १८३३ सालच्या जाहिरातदाराला पडलेली शंका पुन्हा जिवंत झाली होती. आता मोजणारा आणि विकणारा एकच होता, एवढाच फरक.

२००८ च्या आर्थिक मंदीत जाहिराती आटल्या तेव्हा 'टाइम्स' पुन्हा वर्गणीकडे वळला. २८ मार्च २०११ पासून त्याने लावलेली पद्धत विचार करण्याजोगी आहे. महिन्याला २० लेख सर्वांना फुकट आणि एकविसाव्या लेखाला वर्गणी. २०१२ मध्ये ही मर्यादा १० वर आणली गेली. शोधयंत्रातून एका लेखापुरता आलेला वाटसरू अडत नव्हता, जाहिरातदारही दुखावत नव्हता. दार लागत होते ते फक्त ज्याला या घराची सवय जडली आहे त्याच्यापुढे. आकडेवारीचा उपयोग येथे प्रथमच गर्दी दाखवण्यासाठी न होता गर्दीतून आपला माणूस ओळखण्यासाठी झाला. चिठ्ठी पुसून फुकट वाचणारे होतेच, पण त्यांच्यामागे धावण्यात अर्थ नाही हेही व्यवस्थापनाला उमगले होते. २०११ अखेर सुमारे ३,९०,००० डिजिटल वर्गणीदार झाले; २०२३ मध्ये छापील आणि डिजिटल मिळून एक कोटीचा टप्पा ओलांडला गेला. पाककृती आणि शब्दकोड्यांच्या वर्गण्याही त्यात आहेत, हे सांगितले पाहिजे.

लहान प्रकाशकाने यातून एवढे जरूर पाहावे की महिन्याभरात पुन्हा आलेले किती, कोणता लेख वाचून ते परतले आणि कोणत्या पानावर त्यांनी आपला पत्ता दिला. बाकीचे तक्ते पाहण्यात संध्याकाळ घालवायला हरकत नाही, पण अंकाला त्यातून काही मिळत नाही.

मराठीची गोष्ट थोडी निराळी घडली. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत. 'मायबोली' १९९६ मध्ये सुरू झाली ती परदेशस्थ मराठी मंडळींच्या पुढाकाराने. त्या काळी देवनागरीसाठी जो तो आपला टंक वापरी. पडद्यावर मराठी अक्षर दिसे, पण आत साठवलेले संकेत इंग्रजी चिन्हांचे असत, त्यामुळे शोधयंत्राला त्यातला एक शब्दही कळत नसे. मराठी पानावर वाट चुकून कोणी येणे जवळजवळ अशक्यच होते. जे येत ते नाव लक्षात ठेवून, टंक उतरवून घेऊन, मुद्दाम येत. युनिकोड रुळल्यावर मराठी मजकूर शोधात सापडू लागला, पाहुण्यांचे आकडे वाढले आणि मराठी प्रकाशकालाही गर्दीचा मोह प्रथमच जडला.

पत्ते कोणाच्या वहीत आहेत, हा प्रश्न मागाहून आला. नवा मजकूर आपोआप वाचकाकडे पोहोचवणारी आरएसएस ही सोय १९९९ मध्ये नेटस्केपमध्ये जन्मली. २००४ मध्ये निघालेल्या फीडबर्नरने अशा वाचकांची मोजदाद सुरू केली आणि २००७ मध्ये गुगलने फीडबर्नर विकत घेतली. वर्गणीदारांचा आकडा लोक मुखपृष्ठावर बिल्ल्यासारखा मिरवत. १ जुलै २०१३ रोजी गुगलने आपला 'रीडर' बंद केला आणि तेथून नियमित वाचणाऱ्यांची सवय एका दिवसात मोडली. फीडबर्नरची ईमेलने मजकूर पाठवण्याची सोयही २०२१ मध्ये थांबली. ज्यांनी पत्त्यांची यादी वेळीच उतरवून घेतली होती, त्यांचे वर्गणीदार टिकले.

आकड्यांचेही तेच झाले. 'गुगल ॲनालिटिक्स'च्या जुन्या आवृत्तीने १ जुलै २०२३ पासून नव्या भेटी नोंदवणे थांबवले आणि जुलै २०२४ पासून तिच्यात साठलेली पूर्वीची माहितीही काढून टाकण्यात आली. ज्यांनी आपले तक्ते वेगळे जतन केले नव्हते, त्यांची दहा-पंधरा वर्षांची वाचकगणना त्याबरोबर गेली. 'टाइम्स सिलेक्ट'ला किती वर्गणीदार होते ते आज सांगता येते, कारण ती माणसे पैसे भरून हिशेबात आलेली होती. त्याच वर्षांत आपल्याकडील लहान मराठी संकेतस्थळांवर कोण येऊन गेले, हे शोधू पाहणाऱ्या अभ्यासकाला आता कार्यालयाच्या कपाटातील वर्गणीच्या पावतीपुस्तकांपासूनच सुरुवात करावी लागेल.